वाऱ्याच्या गच्चीवर कुंड्यांमधला हिरवा आडोसा

पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, म्हसरूळ अशा नाशिकच्या वाढत्या भागांत इमारती आता इतक्या लगत उभ्या राहिल्या आहेत, की गच्चीवर कपडे वाळत घालताना किंवा संध्याकाळी निवांत बसताना समोरच्या साऱ्या खिडक्या आपल्याकडेच पाहत असल्यासारखे वाटते. भिंत चढवावी तर सोसायटीची परवानगी लागते आणि स्लॅबवर कायमचा भार येतो. पत्रे ठोकावेत तर ते वाऱ्यात थडथडतात आणि एखाद्या वादळात निखळून खाली पडण्याचा धोका असतो. त्यामुळे मोठ्या कुंड्यांमध्ये उंच झाडांची रांग लावावी, असा विचार बहुतेकांच्या मनात येतो. हा विचार योग्यच आहे. मात्र जून महिन्यात रोपवाटिकेतून आठ फुटी झाडे आणायची, ती आहे त्याच पिशवीतून जेमतेम मोठ्या कुंडीत बसवायची आणि कठड्याला लावून उभी करायची, या नेहमीच्या पद्धतीने केलेला आडोसा आषाढातच आडवा होतो. झाडे मोडतात, कुंड्या फुटतात, आणि उरलेली झाडे दिवाळीपर्यंत एका बाजूने करपतात.

हे टाळायचे असेल तर सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गच्चीवरच्या आडोशाने नजर अडवायची असते. वारा मात्र त्याने गाळून पुढे जाऊ द्यायचा असतो. झाडाची निवड, कुंडीचा आकार, मातीचे मिश्रण, लागवडीचा महिना आणि छाटणीची पद्धत या सगळ्या गोष्टी यातूनच ठरतात, आणि वाराच अडवू पाहणारा आडोसा कितीही खर्च केला तरी टिकत नाही.

वाऱ्याचे गणित

नाशिकमध्ये जून ते ऑगस्ट या काळात वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेने, दिवसचे दिवस सलग वाहतो. त्याआधी एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले की कोणत्याही दिशेने अचानक सोसाट्याचा झोत येतो, आणि झाडांचे सर्वांत जास्त नुकसान या थोडक्या वेळाच्या झोतांमुळे होते. हिवाळ्यातला उत्तरेकडचा वारा तसा मंद असला तरी तो कोरडा असतो आणि पानांतील ओलावा ओढून घेतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब देतो, ताशी ६० किलोमीटरला हा दाब १७ किलोच्या आसपास जातो आणि ताशी ८० किलोमीटरला तो ३० किलोवर पोहोचतो. त्यातच वारा इमारतीच्या भिंतीवर आपटून वर चढतो, कठड्यावरून उडी घेतो आणि कठड्याच्या आतल्या बाजूला भोवरा तयार करतो. म्हणून कठड्यापेक्षा उंच झाडाचा खालचा भाग शांत असताना शेंडा मात्र जोराने हेलकावत असतो. गच्चीचे कोपरे तर सर्वांत वाईट, कारण तेथे दोन बाजूंचा वारा एकत्र येतो. कोपऱ्यात उंच झाड ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्राक्षबागांच्या कडेने शेवरी किंवा सुरूची रांग लावणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदारांना हे तत्त्व चांगले ठाऊक आहे. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारी रांग मागच्या बाजूला तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. त्याउलट अगदी भरीव भिंतीवरून वारा उसळून मागे पुन्हा खाली कोसळतो, त्यामुळे भिंतीमागे अपेक्षित शांतता मिळत नाही. गच्चीवर बसणाऱ्याला विरळ रांगेचा दुहेरी लाभ होतो: झाडे टिकतात, आणि बसायच्या जागीही झुळूक येते पण झोत येत नाही.

उंची किती हवी, हे आधी मोजावे

बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त उंचीची झाडे आणतात. गच्चीचा कठडा साधारण एक मीटर उंच असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर आणि उभ्या माणसाचे दीड ते पावणेदोन मीटरवर असतात. समोरची इमारत आपल्याइतक्याच उंचीची असेल तर दोन मीटर उंचीचा आडोसा पुरतो, म्हणजे कठड्याच्या वर फक्त एक मीटरभर हिरवाई दाट असली तरी काम होते.

ही उंची अंदाजाने ठरवू नये. एका बांबूला रंगीत कापड बांधून घरातल्या कोणाला तरी तो नियोजित जागी धरून उभे करावे, आणि आपण नेहमी जेथे बसतो तेथे खुर्ची टाकून बसावे. समोरची जी खिडकी खुपते ती कापडाआड जाईपर्यंत बांबू वर-खाली करायला सांगावे आणि ती उंची खडूने बांबूवर टिपून ठेवावी. मग तोच बांबू कठड्यापासून दोन मीटर आत आणून पुन्हा पाहावे. समोरची इमारत आपल्यापेक्षा उंच असेल तर बसायच्या जागेच्या जवळ आणलेले कमी उंचीचे झाड लांबच्या उंच झाडापेक्षा जास्त खिडक्या झाकते, हे या प्रयोगात लगेच दिसते. कठड्याच्या कडेने सरसकट रांग लावण्याऐवजी खुर्च्यांच्या बाजूने तीन-चार मोठ्या कुंड्यांचा अर्धगोल केला, तर खर्च कमी होतो, वाराही कमी लागतो आणि कुंडी खाली पडण्याची भीती राहत नाही. समोर सात-आठ मजली इमारत असेल तर मात्र कोणत्याही कुंडीतले झाड पुरे पडणार नाही. तेथे डोक्यावर वेलीचा छोटा मांडव हाच उपाय.

स्लॅबवरचा भार

ओल्या मातीचे वजन लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. एक घनमीटर ओली माती सोळाशे किलोच्या वर भरते. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम मधोमध कापून केलेली अर्ध्या ड्रमची कुंडी हलक्या मिश्रणाने भरली तरी पाणी दिल्यावर तिचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. इमारतींवर किती भार धरावा हे सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो चल भार धरला आहे, आणि त्यात माणसे, पाहुणे, सगळेच आले.

म्हणून जड कुंड्या खालच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतींच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवाव्यात, स्लॅबच्या मध्यभागी ठेवू नयेत. भिंतीच्या बाहेर आलेल्या बाल्कनीच्या किंवा छज्जाच्या भागावर तर उंच झाडांची रांग लावूच नये. मीटरभर अंतरावर एक अर्धा ड्रम आणि त्याच्या मागची मीटरभर पट्टी मोकळी, एवढे प्रमाण ठेवले तर भार विभागला जातो. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून पोपडे धरले असतील किंवा सळई दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही मोठी कुंडी वर चढवू नये. येथे घाई करणे खालच्या घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळणे आहे.

आपल्याकडच्या गच्च्यांवर पाणी उतरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा केलेला असतो. त्यात खिळा, नटबोल्ट किंवा अँकर ठोकू नये, कारण तेथूनच गळती सुरू होते. कुंडीखाली तीन-चार विटा किंवा जाड फरशीचे तुकडे ठेवून ती जमिनीपासून दोन-तीन इंच उचलावी, म्हणजे खालून हवा खेळते, पाणी वाहून जाते आणि कोबा सतत ओला राहत नाही. गच्चीच्या पाणी जाण्याच्या भोकांवर जाळी बसवावी. बांबूची पाने एका पावसात ती भोके बुजवतात आणि गच्चीवर वीतभर पाणी साचले की त्याचाही भार स्लॅबवरच येतो.

कुंडी कोणती घ्यावी

कुंडी कोसळेल की उभी राहील, हे ढोबळ हिशेबाने आधीच कळू शकते. अठरा इंची नेहमीची निमुळती कुंडी घेतली तर तिचा तळ साधारण ३० सेंटिमीटर रुंद असतो आणि ओल्या मातीसह वजन ५० किलोच्या आसपास असते. तिला उलटण्यापासून रोखणारी ताकद म्हणजे वजन गुणिले तळाची निम्मी रुंदी: ५० किलो गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे साडेसात. आता त्या कुंडीत ६० सेंटिमीटर रुंद आणि १.४ मीटर उंच पानोऱ्याचे झाड आहे असे धरू. पाने निम्मा वारा सोडतात असे मानले तरी ताशी ६० किलोमीटरच्या झोतात त्यावर सात किलोचा दाब येतो, आणि हा दाब जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर लागतो. सात गुणिले १.३ म्हणजे नऊ. साडेसातावर नऊ भारी पडतात आणि कुंडी आडवी होते. तेच झाड अर्ध्या ड्रममध्ये असेल तर ड्रमचा तळ ५८ सेंटिमीटर रुंद आणि वजन शंभर किलो, म्हणजे रोखणारी ताकद २९ होते. नऊ विरुद्ध एकोणतीस, त्यामुळे ड्रम जागचा हलत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. तळ रुंद आणि बाजू सरळ असलेली कुंडीच घ्यावी. तळाशी निमुळत्या होत गेलेल्या, दिसायला देखण्या उंच कुंड्या वाऱ्याच्या गच्चीसाठी निरुपयोगी आहेत. आणि दुसरे असे, की वाळलेली कुंडी ओल्या कुंडीपेक्षा पुष्कळ हलकी असते. वळवाचे झोत नेमके मे महिन्यातल्या दुपारनंतर, माती सर्वांत कोरडी असताना येतात. पश्चिमेला किंवा त्र्यंबकच्या बाजूला ढग जमू लागले की त्या दिवशी सगळ्या कुंड्यांना लगेच भरपूर पाणी द्यावे; झाडाची तहान भागते आणि कुंडीही जड होते.

अर्धा ड्रम हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे, मात्र ड्रममध्ये आधी कोणते रसायन होते हे विकणाऱ्याला विचारून, खाद्यपदार्थाचाच ड्रम घ्यावा आणि तो स्वच्छ धुवावा. तळाला बोटभर रुंदीची आठ-दहा भोके पाडावीत, आणि काही भोके तळापासून इंचभर वर बाजूला पाडावीत, कारण तळाची भोके बुजली तरी बाजूची चालू राहतात. निळा किंवा काळा ड्रम एप्रिलच्या उन्हात इतका तापतो की बाहेरच्या बाजूची मुळे शिजतात. त्याला बाहेरून पांढरा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे. ग्रो-बॅग वजनाला सोप्या असल्या तरी वाऱ्यात त्यांचा आकार बदलतो आणि झाड कलते, म्हणून उंच झाडासाठी मी त्या सुचवणार नाही.

एका रांगेतले तीन-चार ड्रम काठाखाली गॅल्व्हनाइज्ड तारेने एकमेकांना बांधले तर ती सगळी रांग एकाच लांब कुंडीसारखी वागते. द्राक्षबागेत वापरतात ती जाड तार आणि ती ताणायची पद्धत येथे उपयोगी पडते. कठड्याला लोखंडी रेलिंग असेल तर मधला ड्रम तिला सैल बांधता येतो. मात्र कठड्याच्या माथ्यावर कोणतीही कुंडी, लहानसुद्धा, कधीही ठेवू नये.

माती

गच्चीवरच्या बागेसाठी फक्त कोकोपीट आणि गांडूळखत वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. भाजीपाल्यासाठी तो ठीक आहे; उंच झाडासाठी असे मिश्रण फार हलके पडते, मुळांना पकड मिळत नाही आणि एकदा पूर्ण वाळले की ते पाणी धरतच नाही. दुसऱ्या टोकाला, नाशिकची काळी माती एकटी भरली तर ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की कुंडीच्या कडेने फटी पडून दिलेले पाणी सरळ खाली निघून जाते. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग भिजवलेले कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, असे मिश्रण मला योग्य वाटते. भार कमी करायचा असेल तर वाळूऐवजी भाताचे तूस घ्यावे, ते इगतपुरीकडच्या भात गिरण्यांवर सहज मिळते. ड्रममागे दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. वरून दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी आणि त्यावर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. वाऱ्यात सुके आच्छादन उडून जाते, म्हणून ते अंथरल्यावर ओले करून त्यावर विटांचे मोठे तुकडे ठेवावेत.

झाडांची निवड

वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला, सर्वांत आधी कण्हेरीचा विचार करावा. तिची पाने अरुंद आणि चिवट असतात, खोडे बुडापासून अनेक फुटतात आणि लवचीक असतात, उन्हाळ्यात एखादा दिवस पाणी चुकले तरी ती तग धरते, आणि अर्ध्या ड्रममध्ये दोन ते अडीच मीटर उंची सहज गाठते. झोत आला की कण्हेर आधी वाकते, पाने वाऱ्याच्या दिशेने वळवते आणि वारा निघून जाताच पुन्हा उभी राहते. तिचा दोष एकच आणि तो गंभीर आहे: पान, फूल, चीक, फांदी असा तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असेल किंवा गच्चीवर कुत्रा-मांजर मोकळे फिरत असेल तर कण्हेर लावू नये. छाटताना हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या कधीही जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या माव्याची दाटी होते. पाण्याचा जोराचा फवारा आणि गरज पडल्यास लिटरला ५ मिली निंबोळी तेल व थोडा साबण एवढ्यावर तो आटोक्यात येतो.

जेथे कण्हेर नको तेथे बॉटलब्रश घ्यावा. त्याचीही पाने अरुंद असतात आणि फांद्या झुकत्या असल्यामुळे वारा त्यातून सहज जातो. वाढ कण्हेरीपेक्षा हळू आहे, पण लाल तुऱ्यांवर सूर्यपक्षी हमखास येतात. पिवळ्या फुलांचा टिकोमा याहून वेगाने वाढतो. लवकर आडोसा हवा असेल तर तो उपयोगी आहे, मात्र वर्षातून दोनदा छाटला नाही तर तो वर पसरतो आणि खाली उघडा पडतो.

बांबू सर्वांना हवा असतो आणि त्याचे कारणही रास्त आहे, कारण एवढ्या कमी जागेत एवढी उंच आणि हलती हिरवाई दुसरे कोणतेही झाड देत नाही. फक्त योग्य बांबू निवडावा. झुपक्याने वाढणारा, बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक काठ्यांचा, लहान पानांचा बांबू कुंडीत चालतो. जमिनीखालून लांब धावणाऱ्या मुळांचा बांबू दोन-तीन वर्षांत प्लॅस्टिकचा ड्रमसुद्धा फुगवतो, आणि जाड पिवळ्या काठ्यांचा बांबू कुंडीत नुसता खुरटतो. रोपवाटिकेत रोप पिशवीतून थोडे बाहेर काढून पाहावे: काठ्या एकाच ठिकाणी एकमेकींना चिकटून उगवलेल्या असतील तर तो झुपक्याचा बांबू. बांबूला तहान फार. पाणी कमी पडले की त्याची पाने लांबीने आत वळून सुईसारखी बारीक होतात आणि आडोसा एका दुपारीत विरळ दिसू लागतो. पाणी मिळाल्यावर काही तासांत ती पुन्हा उलगडतात. हे दृश्य वारंवार दिसू लागले तर कुंडी लहान पडली आहे किंवा पाण्याची वेळ चुकते आहे असे समजावे.

वाऱ्याचा थेट मारा नसलेल्या पूर्वेच्या किंवा आतल्या बाजूला कामिनी आणि तगर ही दोन्ही झाडे उत्तम. कामिनी सावकाश वाढते, पण एकदा भरली की बुडापासून शेंड्यापर्यंत दाट राहते आणि पावसाच्या सरीनंतर फुलते तेव्हा सारी गच्ची दरवळते. जास्वंदही आडोसा देते, परंतु तिच्यावर पिठ्या ढेकूण फार लवकर बसतो, आणि त्याची एक जात द्राक्षावरही पडते. आडगाव, मखमलाबाद किंवा दिंडोरी रोडच्या बाजूला ज्यांच्या घराला लागून द्राक्षबाग आहे, त्यांनी जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसताच त्या फांद्या कापून पिशवीत बंद करून टाकाव्यात; शेजारच्या बागायतदाराच्या वर्षभराच्या पिकाचा तो प्रश्न आहे.

ड्रमांच्या मधल्या फटींसाठी वाळा लावावा, असे मी आग्रहाने सुचवेन. हे गवत दीड मीटरपर्यंत सरळ वाढते, कितीही वारा आला तरी मोडत नाही, लहान कुंडीत भागते आणि वर्षातून एकदा गुडघ्याएवढ्या उंचीवर कापले की पुन्हा भरते.

काही झाडे टाळावीत. उंच सरळ अशोक कुंडीत मुळे धरत नाही आणि वाऱ्यात डोलकाठीसारखा डुलतो. अरेका पामची पाने पश्चिमेच्या वाऱ्यात चिरतात आणि उन्हाने पिवळी पडतात. मोरपंखी दाट असल्याने वारा अडवते आणि उन्हाळ्यात आतून वाळून तपकिरी होते. फायकसची मुळे कुंडीच्या भोकांतून निघून कोब्याच्या फटींत शिरतात. झटपट हिरवी भिंत म्हणून विकला जाणारा कोनोकार्पसही घेऊ नये. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

वेली लावायच्या असतील तर जाळी किंवा बांबूची चौकट हीच शिडासारखी वारा धरते हे विसरू नये. चौकटीचे दोन्ही खांब भरलेल्या ड्रममध्ये तळापर्यंत रोवलेले असावेत आणि चौकोन किमान वीतभर रुंद असावेत. मधुमालती फार जड होते. जाई, जुई किंवा छाटून ताब्यात ठेवलेली बोगनवेल बरी.

लागवड केव्हा आणि कशी

झाडे जूनमध्ये लावायची आपल्याकडे रीत आहे आणि जमिनीवर ती बरोबरच आहे. वाऱ्याच्या गच्चीवर मात्र जूनमध्ये लावलेल्या रोपाला मुळे धरण्याआधीच दोन-अडीच महिन्यांचा सलग वारा सोसावा लागतो. म्हणून गणपती विसर्जनानंतर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी. तेव्हा वारा पडलेला असतो, हवेत ओल असते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. ही संधी हुकली तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावावे.

रोप तीन ते चार फुटांचेच घ्यावे. आठ फुटी रोप रोपवाटिकेच्या सावलीत, एकमेकांच्या आधाराने, दाटीत वाढलेले असते. त्याचे खोड बारीक आणि मुळांचा गोळा लहान असतो. लहान रोप वाऱ्यात हलत वाढते, त्या हलण्यामुळेच त्याचे खोड बुडाशी जाड होते आणि मुळे पसरतात. दोन वर्षांत ते मोठ्या रोपाला गाठते आणि ताकदीत मागे टाकते. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे बाहेर काढून हाताने मोकळी करावीत, अगदी आवळलेली असतील तर तीन-चार ठिकाणी सुरीने उभ्या चिरा द्याव्यात. रोप पिशवीत होते त्याच पातळीवर लावावे, भोवतीची माती हाताच्या मुठीने घट्ट दाबावी आणि पाणी देऊन ती बसली की पुन्हा भर घालावी.

आधार देताना बांबूची काठी खोडाला चिकटवून वरपासून खालपर्यंत करकचून बांधू नये. रोपाच्या दोन्ही बाजूंना ड्रमच्या कडेला दोन काठ्या रोवून, उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागात, सुती पट्टीने आठच्या आकड्यासारखा सैल फास द्यावा. बुंधा जागेवर राहावा आणि शेंडा हलत राहावा, एवढाच आधाराचा हेतू आहे. वर्षभरानंतर काठ्या काढून टाकाव्यात.

झाडे भरेपर्यंत आडोसा हवा असेल तर कठड्याच्या आत ५० टक्क्यांचे शेडनेट लावावे. ७५ किंवा ९० टक्क्यांचे नेट जास्त झाकते, पण ते शिडासारखे फुगते आणि चौकट उखडते. वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी ते सोडून गुंडाळून ठेवावे.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात गच्चीवरचे झाड ऊन आणि वारा अशा दोन्ही बाजूंनी पाणी गमावते. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या ड्रममधल्या बांबूला सकाळ-संध्याकाळ, कण्हेरीला दिवसातून एकदा पाणी लागते. ठिबक बसवणे आपल्याकडे अवघड नाही, कारण कोणत्याही कृषी सेवा केंद्रात १६ मिलिमीटरची लॅटरल (ठिबकची नळी), ड्रिपर आणि जोड मिळतात. प्रत्येक ड्रमला एकाऐवजी दोन ड्रिपर समोरासमोर द्यावेत, नाहीतर मुळे एकाच बाजूला वाढतात आणि झाड त्या बाजूला कलते. बोअरचे पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर दिसू लागतो. महिन्यातून एकदा तळाच्या भोकांतून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत कुंडी धुऊन काढावी.

पावसाळ्यात पाणी बंद करावे असा समज आहे. नाशिकचा आषाढी पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, त्यामुळे पश्चिमेच्या कठड्याला लागून असलेल्या ड्रममध्ये दिवसभर पाऊस पडूनही मूठभर पाणी जात नाही, आणि झाड दाट असेल तर उरलेले पाणी पानांवरून ड्रमच्या बाहेर निथळते. गच्ची ओलीचिंब दिसते म्हणून फसू नये. आच्छादन बाजूला करून मातीत बोटाचे दुसरे पेर बुडेपर्यंत बोट घालावे आणि माती कोरडी लागली तर पावसातही पाणी द्यावे.

पानांच्या कडा करपल्या असतील तर त्या झाडाच्या कोणत्या बाजूला करपल्या आहेत ते पाहावे. फक्त पश्चिमेची पाने करपलेली असतील तर कारण वारा आहे. चारही बाजूंनी सारखीच करपली असतील तर पाण्यातले क्षार किंवा खताचा अतिरेक हे कारण असते, आणि तेव्हा खत थांबवून कुंडी धुवावी.

खत ऑक्टोबर ते मार्च या काळात द्यावे: महिन्याला ड्रममागे दोन ओंजळी गांडूळखत, आणि वाढ मंद वाटली तर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम. एप्रिलनंतर नत्र देऊ नये. नत्रामुळे फुटलेले लांब, रसरशीत कोंब पहिल्याच झोतात मोडतात.

छाटणी

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वळवाच्या आणि मोसमी वाऱ्याच्या तोंडावर, वर्षातली सर्वांत महत्त्वाची छाटणी करावी. खडूने टिपलेल्या उंचीच्या वर गेलेला भाग आधी कापावा. त्यानंतर कुंपण कापल्यासारखी बाहेरून कात्री फिरवू नये, कारण त्यामुळे बाहेरची पालवी आणखी दाट होते आणि झाड भरीव भिंत बनते. आत हात घालून वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. छाटणी पुरेशी झाली की नाही हे पाहण्यासाठी झाडामागे उभे राहून समोर पाहावे: आकाशाचे छोटे छोटे तुकडे दिसावेत, पण समोरच्या खिडकीची चौकट ओळखू येऊ नये.

बांबूच्या बाबतीत दरवर्षी तीन वर्षांपेक्षा जुन्या, रंग फिकटलेल्या काठ्या बुडापासून कापाव्यात. नव्या काठ्यांना जागा मिळते आणि झुपका विरळ राहतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाणी मातीत मुरण्याऐवजी वरच तुंबू लागले, तर मुळांनी ड्रम भरला असे समजावे. सप्टेंबरअखेर ड्रम आडवा करून झुपका बाहेर काढावा, करवतीने त्याचे उभे दोन भाग करावेत, प्रत्येक भागाच्या कडेची दोन-तीन इंच मुळे कापून टाकावीत आणि निम्म्या काठ्या छाटून नव्या मिश्रणात पुन्हा लावावेत. कण्हेर आणि बॉटलब्रश यांची मुळेही साधारण याच अंतराने, याच दिवसांत छाटावीत. ड्रम रिकामे असताना खालचा कोबा स्वच्छ घासून तडे आहेत का ते पाहावे, पाण्याची भोके मोकळी करावीत आणि बांधलेली तार गंजली असेल तर बदलावी.